हळद लावलेली वायर

कापलेल्या वायरला हळद लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांना सगळे आबा म्हणत. हळद लावताना त्यांच्या चेहऱ्यावर ना भक्ती असे, ना गंमत. सरकारी दवाखान्यात दिवसभर पट्ट्या बांधणाऱ्या कंपाउंडरचा जसा चेहरा असतो, तसा असे. खिशातून डबी काढायची, चिमूट घ्यायची, वायरच्या टोकाला चोळायची, ती वायर बाजूच्या टोपलीत ठेवायची आणि पुढची हातात घ्यायची. डबी तंबाखूची, दोन तोंडांची होती. एका तोंडाला तंबाखू, आणि लोक जिथं चुना ठेवतात तिथं हळद. चुना ते आयुष्यभर दुसऱ्याकडून मागत आले.

वायरच्या टोकावरचं प्लास्टिक सोलताना पातं जरा खोल गेलं, तर आतल्या तांब्याचा एखादा बारीक तंतू तुटतो. बघणाऱ्याला पटकन दिसत नाही. वायर चालते. पुढे कधीतरी ती ज्या पेटीत बसलेली असते तिथं, नेमकी त्याच जागी, ती तापायला लागते. कारखान्यांत या प्रकाराला निरनिराळे इंग्रजी शब्द आहेत. आबा म्हणायचे, "रगत निघालं."

त्यांचं घर मेंढ्या राखणाऱ्यांचं, सिल्लोडकडचं. वडील मेंढ्या कातरण्यात नावाजलेले. कातरताना कातर चुकून कातडीला लागली, तर मेंढी सोडण्याआधी जखमेवर हळद दाबायची, हा तिकडचा नेम. आबा शहरात आले, वेल्डिंग शिकले, मोटारी बांधायला शिकले, शेवटी वायर सोलायची यंत्रं करायला लागले, पण डोक्यातली मेंढी काही गेली नाही. वायरवरचं प्लास्टिक म्हणजे लोकर, आतलं तांबं म्हणजे कातडी. सोललेल्या प्लास्टिकचा टेबलाखाली जो ढीग साचे, त्यालाही आमच्या शेडमध्ये सगळे लोकरच म्हणत. नवी आलेली बाई पहिला पूर्ण दिवस लोकर शोधत असे.

ही शेड चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद पडलेल्या बिस्किट कारखान्याच्या मागे होती. शेतातल्या पंपाचा जो स्टार्टर असतो, त्या पेटीत बसणाऱ्या वायरी आम्ही कापून, सोलून, जुड्या बांधून एका कंपनीला देत होतो. मी तिथं लेबलं आणि हजेरी लिहायला लागले. खरं कारण वेगळं होतं. मला तिथल्या बायकांची संघटना बांधायची होती. माझे वडील कामगारांची पत्रकं काढत. आमच्या घरी डबा पत्रकात बांधला जाई आणि मी वाचायला शिकले ते 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवरून.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. शेठला बाहेरच्या देशातलं एक आपोआप चालणारं मशीन घ्यायचं होतं. ते आलं की टेबलावर काम करणाऱ्या निम्म्या बायका घरी जाणार, हे त्यांनी चहा पिता पिता सहज सांगितलं होतं. त्याऐवजी कंपनीच्या साहेबांनी आबांचं मशीन पास केलं, तर आहे ते टेबल तसंच राहणार होतं, कारण आबांच्या मशीनला बायकांचे हात लागत. सगळं त्या एका पाहणीवर होतं. आबांबद्दल मी पुढे जे काही सांगेन, ते या पाहणीची तारीख पुढं ढकलली जात होती त्या काळातलं आहे.

आबा नम्र होते असा कुणाचा समज होऊ नये. जगात संशोधक दोनच झाले, असं त्यांचं मत होतं. एक ते स्वतः. दुसरा ज्यानं मेंढीची कातर पहिल्यांदा केली तो, आणि तो वारला. मोजमाप त्यांना मान्य नव्हतं. ते वितीनं मोजत, आणि वीत कुणाची धरायची हे त्या दिवशी जवळ कोण उभं आहे यावर ठरे. एकदा जुड्याच्या जुड्या आखूड गेल्या आणि कंपनीचा फोन आला, की वायर पेटीच्या दुसऱ्या टोकाला पोचत नाही. आबांनी फोनवर शांतपणे विचारलं, की पेटी जरा लहान करता येती का बघा.

त्यांच्या यंत्रांना मेंढ्यांसारखी नावं होती. लंगडी, बांडी आणि भुरी. लंगडी सगळ्यांत आधीची. शिलाई मशीनचा पायडल, कुठल्याशा मोपेडचा गिअर आणि वडिलांच्या जुन्या कातरीची पाती एवढ्यावर ती उभी होती, आणि तिच्या एका पायाखाली वीट होती. शेठनं एकदा फरशी नवी केली, वीट काढून लंगडीला चारही पाय सारखे करून दिले. त्या दिवसापासून ती प्रत्येक वायरचं रगत काढायला लागली. आबांनी वीट शोधून आणली. दुसरी कुठलीही वीट चालेना, तीच लागली. असं का, याचं उत्तर त्यांनी मला दिलं ते असं : "तिला सवय हाय."

ही यंत्रं चालायला लागली, की खरोखर चालायची. हादऱ्यानं दुपारपर्यंत लंगडी दाराशी पोचे. म्हणून सकाळी काम सुरू करण्याआधी आबा तिचे दोन पाय सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधत आणि सुटी झाली की सोडत. सोडताना तिच्या पाठीवर थाप मारत. ती थाप मारायची गरज नव्हती, हे सांगायला हवं.

हिवाळ्यात प्लास्टिक कडक होतं, ताणलं जात नाही, तुकडे पडतात. तेव्हा आबा सकाळी वायरीची रिळं शेडबाहेर उन्हात मांडत. त्याला ते चरायला सोडणं म्हणत. ऊन सरकलं की रिळंही सरकवायची. हे काम त्यांनी कांताबाईंकडं दिलं होतं. कांताबाई करमाडहून बसनं येत. घरी त्यांनी खऱ्या शेळ्या राखल्या होत्या, त्यामुळे त्यांना यात काही वावगं वाटत नसे. एकदा एक रीळ चोरीला गेलं. शेठ संतापले. आबा म्हणाले, लांडग्यानं नेलं, आणि कांताबाईंना वेळूची एक काठी आणून दिली. त्या काठी घेऊन रिळांजवळ बसू लागल्या. रस्त्यानं जाणारे थांबून बघत. पुन्हा चोरी झाली नाही.

पत्रकांशी त्यांचं वागणं वेगळंच होतं. मी शेडमध्ये लागल्यावर थोड्याच दिवसांत पहिलं पत्रक लिहिलं. बायका दिवसभर उभ्यानं काम करत, बसायला काही नव्हतं, त्याबद्दल. दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं. त्यात भांडवलाचा इतिहास होता, शहराचा होता, मजूर बायकांच्या गुडघ्यांचा होता. प्रती काढण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसानं नजर टाकावी म्हणून मी ते आबांना दिलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, ओठ हलवत, मध्ये न थांबता. मग खणातून कातर काढली आणि वरचा भाग कापून टाकला.

"ह्ये लोकर," ते म्हणाले.

मग खालचा कापला. मग बाजूचा. पत्रक जमिनीवर पडत गेलं. त्यांच्या हातात शेवटी एक पट्टी राहिली, तीवर माझंच अक्षर होतं : पाळीपाळीनं बसू द्या.

"ह्यातनं करंट जातो," ते म्हणाले आणि पट्टी घेऊन शेठकडे गेले. शेठला वाचायला वेळ नसे, पण पट्टी इतकी लहान होती, की वाचून होईपर्यंत त्यांना नको म्हणायचं सुचलं नाही. आठवडाभरात प्लास्टिकची स्टुलं आली. एकाचा पाय मोडका होता, त्याखाली आबांनी वीट दिली.

मी ही हकिकत घरी वडिलांना सांगितली. त्यांना स्टुलांचा आनंद झाला, पण पट्टी बघून ते खिन्न झाले. म्हणाले, मागणी राहिली, पण भूमिका गेली. हे मी दुसऱ्या दिवशी आबांच्या कानावर घातलं. 

"भूमिकेवर बसता येत नाय," ते म्हणाले.

तेव्हापासून ते मला पत्रकबाई म्हणू लागले. मी लिहिलेलं प्रत्येक पत्रक त्यांच्या कातरीखालून जाई. काही पत्रकांत त्यांना काहीच सापडत नसे. ती सगळी कातरून झाली की ते मोकळे हात दाखवत, आणि मला विचाराल तर, त्यांचं चुकत असे. काही गोष्टी लांबच लिहाव्या लागतात. एका माणसाच्या नफ्यापायी टेबलाभोवतीच्या निम्म्या बायका घरी बसतात, हे एका ओळीत लिहिलं तर ते हवामानाच्या बातमीसारखं वाटतं. यावर आमचं भांडण कधीच मिटलं नाही.

शेडमध्ये सगळ्यांत जलद हात शकीला आपांचा होता. त्या हर्सूलहून येत, घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. त्यांचा नवरा पाय मोडून घरी बसला होता. आबांच्या यंत्रांवर त्यांचा विश्वास नव्हता, पण त्या यंत्रांची बाजू घेण्यात त्यांच्याइतकं पुढं कुणी नसे. भुरी तयार झाली तेव्हा आबांनी सगळ्यांना बोलावून दाखवली. भुरी म्हणजे त्यांचं शेवटचं आणि सगळ्यांत चांगलं काम : एका बाईनं वायर लावायची, दुसरीनं सोललेली ओढून घ्यायची, मध्ये भुरी. शकीला आपांनी तिला सगळीकडून बघितलं आणि म्हणाल्या, "आबा, दिसायला तो बिलकूल तुमच्यावर गेली." आबांना हे कौतुक वाटलं. कदाचित असेलही.

आठवड्याच्या पहिल्या दिवशी भुरीला तेल लागे. हाही मेंढरांकडचाच नेम. हंगामातली पहिली मेंढी कातरण्याआधी कातरीच्या पात्याला हळदीच्या तेलाचं एक बोट लावतात. आबा दर सोमवारी लावत, पात्याच्या मागच्या अंगाला, बोटाच्या टोकाएवढं. त्यांच्या तेलाची वाटी खिडकीत असे. त्या वाटीला इतर कुणी हात लावायचा नाही, हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागलंच नव्हतं.

पाहणीची तारीख अखेर ठरली, आणि ती सोमवारीच आली.

थंडी होती. कांताबाई पहाटेच्या बसनं येऊन रिळं घेऊन उन्हात बसल्या होत्या. शेठनं भुरीला हिरवा रंग देववला होता. आबांना तो आवडला नव्हता, पण ते बोलले नव्हते. शेठनं त्यांच्यासाठी स्वतःचा इस्त्रीचा शर्ट आणला आणि त्यांना साहेबांचं स्वागत करायला गेटवर उभं केलं. शर्टाला खिसा नव्हता. डबी आबांनी मुठीत धरली. साहेबांची गाडी जालना रोडवरच्या गर्दीत अडकली, आणि आबा गेटवरच उभे राहिले.

आत शकीला आपांच्या लक्षात आलं, की आज सोमवार आणि भुरीला तेल लागलेलं नाही. आबांची घालमेल होऊ नये म्हणून त्यांनी वाटी घेतली आणि पात्याला तेल लावलं. त्या चहा आणायला गेल्या. कांताबाई रिळं घेऊन आत आल्या, त्यांच्याही तेच लक्षात आलं. त्यांनीही लावलं. दिवस महत्त्वाचा म्हणून दोघींनीही जरा सढळ हातानं लावलं होतं, आणि आधीचं कुणाचं तरी लावलेलं दिसत होतं ते कांताबाईंना भुरीच्या नव्या रंगाचं चकाकणं वाटलं.

साहेब आले. तरुण होते, पुण्याकडचे, रात्रभर प्रवास करून आलेले. वागायला साधे. त्यांनी आबांना काका म्हटलं आणि स्टूल दिलेलं असूनही उभे राहिले. आबांनी भुरीचे पाय बांधले. साहेबांनी ते बघितलं, पण विचारलं नाही. कांताबाई वायर लावायला, शकीला आपा ओढायला. भुरी सुरू झाली.

ती इतकी चांगली मी कधी चाललेली बघितली नव्हती. एकेक टोक स्वच्छ निघत होतं. साहेब उचलून बघत, डोळ्याला भिंग लावत, मान हलवत. शेठ माझ्याकडं बघून हसले, जसं काही मीही त्यांच्या बाजूची होते. त्या घटकेला मी होतेही. मग साहेबांचा फोन वाजला, आवाजामुळं ऐकू येईना, म्हणून ते दाराशी गेले आणि आमच्याकडं पाठ करून बोलू लागले.

तेल तोवर पात्यावरून ओघळून वायर पुढं ओढणाऱ्या रुळांवर आलं होतं. भुरी एकदा खाकरल्यासारखी झाली. वायर घसरली, तिरकी आत गेली आणि बाहेर आली. शकीला आपांनी ती ओढून घेतली आणि त्यांचा हात तसाच राहिला. आबांनी भुरी बंद केली, वायर त्यांच्या हातातून घेतली, टोक उजेडाकडं धरलं. तांब्याचा एक तंतू तुटलेला होता. मग त्यांनी रूळ हुंगला. त्यांना कळलं. त्यांनी दोघींपैकी कुणाकडंही बघितलं नाही.

शेठनं डोळ्यांनी टेबलाखालच्या लोकरीकडं खूण केली. तिथं टाकून द्या. साहेब अजून पाठमोरे होते.

आबांनी मूठ उघडली. त्यात डबी होती.

"आबा, नक्को," शकीला आपा इतक्या हळू म्हणाल्या, की मला ओठांवरून कळलं.

आबांनी चिमूट घेतली, टोकाला चोळली आणि वायर टोपलीत नव्हे, साहेबांच्या भिंगाशेजारी ठेवली. साहेब परत आले. त्यांनी पिवळं टोक उचललं.

"हे काय?"

"रगत निघालं," आबा म्हणाले.

शेठ पुढं आले. घाईघाईनं सांगू लागले, की मशीनचा दोष नाही, कुणीतरी तेल जास्त लावलंय, तेलानं वायर घसरली, एरवी असं होत नाही. साहेबांनी विचारलं, तेल कुणी लावलं. शकीला आपा म्हणाल्या, मी. त्याच वेळी कांताबाई म्हणाल्या, मी. मग दोघींनी एकमेकींकडं बघितलं. काय झालं असेल ते आम्हा सगळ्यांना तेव्हा एकदमच समजलं.

"मग काका, मशीनचा काही प्रश्न नाही," साहेब म्हणाले. ते मनापासून वाट काढून देत होते. "एक वायर आहे. आणि कारण पण कळलंय."

आबांनी डबीचं झाकण लावलं.

"मेंढी हलली तरी रगत कातरणाऱ्याचंच, साहेब," ते म्हणाले.

साहेबांना कळलं नाही. त्यांनी शेठकडं बघितलं. शेठनं सांगितलं, ते म्हणतायत की क्वालिटीत तडजोड नाही. साहेबांनी तसं लिहून घेतलं.

जेवणाच्या सुटीत शकीला आपा बोलल्या. ओरडल्या नाहीत, त्यानं जास्त लागलं. त्या आबांसमोर डबा न उघडता बसल्या.

"बोललं कोण होतं तुम्हाला हळद लावायला? साहब का मुंह उधर था. गलती मेरी थी, तेल मैंने डाला. उतनी एक वायर लोकर में जाती तो क्या होता?"

आबा भाकरी मोडत होते. "ती वायर ठेवली नसती तर तिच्यामागून दुसऱ्या गेल्या असत्या. पेटी शेतात जाती. लाईट येती रातच्याला. पेटीला हात कोन लावतं? माझा पुतन्या लावतो."

"तुमचा पुतण्या हात लावतो," आपा म्हणाल्या. "और मेरा आदमी घर में पड़ा है. उसको मैं क्या लगाऊं, हळद?"

आबांनी आपल्या डब्यातला ठेचा आपांपुढं सरकवला. आपांनी तो घेतला नाही. नंतर घेतला.

मी दोघांचं म्हणणं एका पत्रकात मांडायला बसले. एकाच पत्रकात दोन्ही बसेनात. आपांचं लिहिलं की आबा माथेफिरू दिसत, आबांचं लिहिलं की आपांची भूक लबाडी वाटे. आणि ज्यानं या दोघांना समोरासमोर बसवलं होतं, तो शेठ दोन्हींमध्ये चहा पीत होता. ते वाक्य मात्र मला बरं जमलं होतं. आबांनी ते वाचलं आणि पहिल्यांदा कातर न उचलता कागद परत दिला.

कंपनीचा निर्णय आला तो असा. भुरी नापास. दोष आढळला, आणि दोष स्वतः चालवणाऱ्यानं मान्य केला. बाहेरचं मशीन घ्यावं. मात्र सदोष टोक पिवळ्या रंगानं ओळखण्याची जी पद्धत या ठिकाणी आहे ती उत्तम असून, ती यापुढं कायम ठेवावी. प्रत्येक टोक माणसाच्या डोळ्याखालून गेलं पाहिजे.

बाहेरचं मशीन आलं. त्याला काचेचं झाकण होतं, ते चालताना जागचं हलत नव्हतं, आणि ते रगत काढत होतं. भुरीपेक्षा कितीतरी वेगानं काढत होतं. प्रत्येक टोक बघायचं, तर बघणारे डोळे हवेत. शेठनं हिशेब मांडला, परत मांडला, आणि एकाही बाईला घरी पाठवता येईना. साहेबांनी पिवळे मार्कर पाठवले होते. ते झाकणं उघडी राहून वाळून गेले. शकीला आपांनी घरून हळद आणली.

मजुरी वाढली नाही. मशीनचा वेग बायकांच्या डोळ्यांना झेपत नाही, ही तक्रार आजही आहे. हे मी पत्रकात लिहिते. लांब लिहिते.

शेठनं आबांना नव्या मशीनच्या देखभालीला राहा म्हणून सांगितलं. आबांनी एक दिवस प्रयत्न केला. सकाळी सुतळी घेऊन त्याचे पाय बांधायला वाकले. ते पाय जमिनीत बोल्टनं आवळलेले होते. आबा उठले, सुतळीची गुंडाळी केली आणि शेठला सांगितलं, की जे चालत नाय त्याला मी काय राखू.

भुरी, बांडी आणि लंगडी टेम्पोत चढवल्या, तेव्हा बायकांनी त्यांचे पाय बांधून दिले. वीट आबांनी स्वतःच्या मांडीवर घेतली. आता ते सिल्लोडकडं गावी असतात. त्यांचा पुतण्या मागं लागलाय, की मेंढ्या कातरायचं मशीन करून द्या, हातानं कातरणारी माणसं मिळत नाहीत. आबा नाही म्हणतात. मी फोनवर कारण विचारलं तर म्हणाले, वायर बोलत नाय म्हणून मी शिकू शकलो. मेंढी वरडते.

जाताना त्यांनी कातर माझ्या टेबलावर ठेवली होती. कशासाठी ते सांगितलं नव्हतं.

पुढं साहेबांचा निरोप आला, की ती पिवळ्या खुणेची पद्धत कामगारांना समजेल अशा मराठीत लिहून भिंतीवर लावा. काम माझ्याकडं आलं. मी दीड पान लिहिलं. सदोष टोक म्हणजे काय, ते कुणाच्या जिवावर बेतू शकतं, आणि दोष लपवायला सांगणाऱ्याला नाही म्हणण्याचा कामगाराचा हक्क, सगळं. लिहून झाल्यावर वाचलं. मग कातर घेतली. वरचं गेलं, खालचं गेलं. हक्काशी बराच वेळ थांबले. शेवटी एवढं उरलं : मशीन कुणाचंबी असो, रगत निघालं की हळद लावा.

साहेबांना 'रगत' या शब्दाबद्दल शंका होती. त्यांनी दुसरा एक शब्द सुचवला. तो मी बायकांना वाचून दाखवला, तेव्हा कांताबाईंनी विचारलं, हे औषध कुठं मिळतं.

मी पट्टी भिंतीवर लावायला गेले, तेव्हा शकीला आपा आल्या. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, हळदीच्या बोटांनी, आणि वाचली. मग कातर मागितली.

"मशीन किसका भी हो, ये तो सबको मालूम है," त्या म्हणाल्या आणि पट्टीचं सुरुवातीचं अर्धं कापून टाकलं.

उरलेली त्यांनीच भिंतीवर चिकटवली. कापलेला तुकडा टेबलाखालच्या लोकरीत टाकला, आणि वीट लावलेल्या स्टुलावर बसल्या. त्यांची पाळी होती.